गाडी चालवायला आवडतं, पण थांबायला जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३४. सोलापुरातच टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, पगार १९ हजार. घरी बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि शुगर असलेली आई. कार चालवायची भारी आवड, पुण्याला एका दमात जाऊन यायचा कंटाळा नाही. गावाकडचा एक मित्र लांबच्या ट्रकवर आहे, तो सांगतो महिन्याला ३५ हजार सुटतात. तर नोकरी सोडून ट्रकवर जावं का, आणि जमलं तर पीएफ काढून स्वतःची गाडी घ्यावी का?

आधी माझं सांगतो. १९९८ मध्ये क्लीनर म्हणून चढलो, २००१ ला लायसन्स झालं, मग सतरा वर्षं चालवली. आता मेव्हण्याबरोबर तीन गाड्या आहेत आणि चार ड्रायव्हर. म्हणजे पगार घेणारा आणि पगार देणारा, दोन्ही बाजू बघितल्यात. एक गोष्ट आधीच कबूल करतो: चांगला ड्रायव्हर मला कायमच हवा असतो. त्यामुळे ‘या’ म्हणणं माझ्या फायद्याचं आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्ही विचारलंय ते पगाराचं आणि आवडीचं. पण या धंद्यातून वर्षा-दीड वर्षात परत गेलेली जी माणसं मी बघितली, त्यातलं कुणी गाडी चालवायला कंटाळून गेलं नाही. ती थांबून थांबून गेली. तुमच्या आवडीचा भाग या कामात किती आहे, ते एका ट्रिपवर मोजून दाखवतो.

मार्केट यार्डातून कांदा भरून बेंगळुरूला यशवंतपूरला जायचं आहे असं धरा. सकाळी लिलाव होतो. मग गोण्या भरणं, शिवणं, काटा, हमालांची पाळी. गाडी दुपारी लावली तरी ताडपत्री बांधून यार्डाबाहेर पडायला रात्रीचे नऊ वाजतात. विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग करत सव्वासहाशे किलोमीटर. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी चाळीस धरला तर पंधरा-सोळा तासांचं स्टिअरिंग. मध्ये झोप, जेवण धरून दुसऱ्या दिवशी रात्री पोचता. माल उतरतो तिसऱ्या दिवशी पहाटे. आता परतीचं भाडं. रिकामी गाडी आणली तर मालकाला डिझेलही परवडत नाही, म्हणून बेंगळुरूबाहेर नेलमंगलाच्या बाजूला कुठेतरी गाडी लावून फोनची वाट बघायची. नशीब असलं तर संध्याकाळी माल मिळतो, नाहीतर दोन दिवसांनी. तो घेऊन सोलापूर किंवा पुणे, आणि तिथं पुन्हा गोडाऊनच्या गेटबाहेर रांग.

सगळं सुरळीत झालं तर चार-साडेचार दिवस. म्हणजे शंभरेक तास, त्यातले गाडी चालवण्याचे तीस-बत्तीस. उरलेल्यातली झोप वजा करा. बाकीचा वेळ तुम्ही केबिनमध्ये, टायरच्या सावलीत किंवा कुठल्यातरी मुनीमासमोर उभे असता. ज्याला तुम्ही आवड म्हणता ते एक तृतीयांश, आणि तेही बऱ्याचदा रात्रीचं.

पूर्वी रस्त्यातही थांबणं असायचं. भीमा ओलांडून कर्नाटकात शिरलं की धूळखेडच्या नाक्यावर कागद घेऊन उभं राहायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तसे विक्रीकराचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरच्या रांगा आखूड झाल्या. रस्ता मोकळा झाला, पण गेटबाहेरचं थांबणं आहे तसंच आहे. एका मोठ्या कंपनीच्या गोडाऊनबाहेर मी स्वतः एकदा साखर घेऊन तीन दिवस उभा होतो. आत जागा नव्हती, त्यांच्या दृष्टीनं माझी गाडी हेच फुकटचं गोडाऊन. हाल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे मालकाला मिळाले की नाही मला माहीत नाही, मला मिळाले नाहीत. संडास नाही, पाणी विकत, आणि गाडी सोडून जाता येत नाही कारण मागे ताडपत्री कापायला लोक टपलेले.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: आठवड्यातले तीन दिवस कुणाच्यातरी मर्जीवर, कामाशिवाय, घरापासून सहाशे किलोमीटरवर बसून राहायला तुम्हाला जमेल का? डोकं शांत ठेवून, दारूकडे न वळता, घरी फोनवर चिडचिड न करता? हे ज्याला जमतं तो या धंद्यात टिकतो. मग त्याला गाडी चालवायची फार आवड नसली तरी चालतं. माझ्याकडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर गाडीवर प्रेमबिम काही करत नाही. तो थांबला की स्टोव्ह काढतो, डाळ लावतो, कपडे धुतो आणि झोपतो. त्याचं कधी काही अडत नाही.

झोपेवर जरा सविस्तर बोलतो, कारण कारवाल्यांना इथंच चुकीचा आत्मविश्वास असतो. पुण्याला जाऊन येणं म्हणजे पाचशे किलोमीटर, एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या गादीवर झोप. ट्रकमध्ये सवाल एका रात्रीचा नसतो, लागोपाठच्या पाचव्या रात्रीचा असतो. दिवसा केबिनमध्ये झोपायचं म्हणजे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या डब्यात झोपायचं. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. पण नवीन माणसाला मालक नवी गाडी देत नाही. तुमच्या हाती पहिली गाडी जुनीच येणार.

२००८ ची गोष्ट. साखर घेऊन हैदराबादला निघालो होतो, तेव्हाच्या नऊ नंबर हायवेनं. आता तो ६५ आहे, आम्ही अजून नऊच म्हणतो. उमरगा सोडलं होतं, हुमनाबाद यायचं होतं, पहाटेचे चार. त्याआधी दोन दिवस लोडिंगच्या रांगेत नीट झोप नव्हती. मला झोप लागली हे मला कळलंच नाही. डाव्या बाजूची चाकं मुरमात उतरली आणि बाभळीच्या फांदीनं आरसा फोडला, त्या आवाजानं जागा झालो. डोळे मिटले तेव्हा समोर जो ट्रक होता तो दिसत नव्हता. तो कधी पुढं गेला, मी किती वेळ तसा चाललो, काही सांगता येत नाही. पुढच्या पंपावर गाडी लावली आणि हात थरथरत होते म्हणून चहाचा ग्लास खाली ठेवून प्यालो.

त्या दिवसापासून, मधली दोन वर्षं सोडली तर (ते पुढं येईल), रात्री दोन ते पाच माझी गाडी उभी. आजही माझ्या ड्रायव्हरना तोच नियम आहे, आणि त्यामुळे एखादं भाडं हातचं जातं ते जाऊ देतो. पण सगळे मालक असं करत नाहीत. मी चालवत होतो त्या काळात १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता, आणि आपल्याकडे बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे. कायद्याचं नाव काढलं असतं तर मालक हसला असता.

घाई कागदामुळे होत नाही हेही समजून घ्या. सिमेंट, साखर, टॉवेल यांना ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद लागतो आणि तो दर २०० किलोमीटरला एक दिवस देतं, म्हणजे भरपूर वेळ असतो. घाई असते बाजाराची. पहाटेच्या बाजाराला कांदा पोचला नाही तर व्यापारी दर पाडतो, उन्हात गोणी घामेजते, आणि शिव्या ड्रायव्हरला. त्यामुळे कामाला लागताना ‘पगार किती’ याच्या आधी ‘माल काय’ हे विचारा. नाशवंत माल आणि सिमेंट यांत पगार सारखा असला तरी आयुष्य सारखं नसतं.

आता पैशाचं. तुमचा मित्र खोटं बोलत नसेल. पण ३५ हजार सुटतात ते पाच-सहा वर्षं मुरलेल्याला, ट्रेलर किंवा टँकरवर, आणि चांगल्या महिन्यात. मी नव्या माणसाला १८ हजार पगार आणि रस्त्यावर असेल त्या दिवसाला ४०० रुपये भत्ता देतो. महिन्यात पंचवीस दिवस बाहेर असलात तर २८ हजार झाले. त्यातून दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, अंघोळीचं पाणी, मोबाइल असे रोजचे पावणेतीनशे-तीनशे जातात. महिन्याला सात-साडेसात हजार. हातात उरले वीस-एकवीस. आज १९ मध्ये तुम्ही घरी जेवता.

काही मालक ट्रिपवर ठोक देतात, काही किलोमीटरवर. डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस असतं: मालकानं लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं आणि तुम्ही सव्वाचार काढलं तर वाचलेल्याचा हिस्सा तुमचा. हे चांगलं आहे, पण नव्या हाताला पहिल्या वर्षी ते निघत नाही, उलट कमी पडतं. आणि कपातीचं आधी बोलून घ्या. उतरवताना माल कमी भरला तर कुणाच्या अंगावर? वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कुणी द्यायची? ताडपत्री फाटली तर? माल मिळाल्याची सही केलेली पोच हरवली तर? चढवताना गोण्या स्वतः मोजायच्या. मुनीमानं सांगितलेला आकडा म्हणजे मोजणी नव्हे. पहिल्या वर्षी मी बारा गोण्यांचे पैसे भरलेत ते झोप आली म्हणून मोजल्या नाहीत त्याचे.

तुम्ही लिहिलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठा हिशोब वेगळाच आहे. तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि कारखाना रीतसर असेल तर तुमचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असणार, त्यात अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. आईची शुगरची औषधं, तपासण्या, उद्या पायाला जखम झाली तर दवाखाना. नोकरी सोडली की काही काळानं ते कार्ड बंद. मोठ्या फ्लीटवाल्यांकडे पीएफ वगैरे मिळतं. माझ्यासारख्या तीन गाड्यांवाल्याकडे मिळत नाही, मी खोटं कशाला सांगू. महिन्याला दोन हजार जास्त मिळाले आणि आईच्या औषधाला तीन हजार जायला लागले तर तुम्ही काय कमावलं? कार्ड आहे की नाही ते आज बघा, बाकी सगळं नंतर.

आणि घरात दुसरा हात कोण आहे? मुलाला रात्री ताप आला तर रिक्षा करून कोण नेणार? माझ्या घरी मोठा भाऊ आणि वहिनी एकाच वाड्यात होते म्हणून माझं निभलं. मुलगी चालायला लागली तेव्हा मी गुंटूरला मिरचीच्या रांगेत होतो. तुमच्या पत्रात बायको काय म्हणते याबद्दल एक ओळही नाही. तिचा होकार म्हणजे ‘तुम्ही ठरवाल ते’ असा नको. महिन्याचे पंचवीस दिवस एकटीनं घर चालवायचं असतं ते तिला.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो, ते अवघड नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं असलं पाहिजे, वय २० च्या वर, डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, मग आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. टँकरवर ज्वालाग्राही माल न्यायचा तर वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद.

लायसन्स म्हणजे गाडी येणं नव्हे. तुमची कार टनभर. दहा टायरची गाडी मालासकट २८ टन. गाडीच्या नावातच ते असतं: २८१८ म्हणजे २८ टन आणि साधारण १८० अश्वशक्ती. २०१८ ला वजनाची मर्यादा वाढायच्या आधी तीच गाडी २५१८ म्हणून यायची. एवढं वजन तुळजापूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागून ढकलत असतं. ज्या गिअरवर घाट चढला असतात त्याच गिअरवर उतरायचं, इंजिनानं गाडी धरायची, ब्रेक फक्त टेकवायचा. सारखा दाबत राहिलात तर ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजूनही भेटतात, त्यांच्याबरोबर बसू नका. पूर्वी हे सगळं तीन-चार वर्षं क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसून शिकायचो. आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच नाही, त्यामुळे शिकायची जागाच गेली. नव्या माणसाची ही खरी अडचण आहे.

अपघाताचं एकच. अपघातात माणूस गेला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला तर होणाऱ्या ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर रस्त्यावर उतरले होते, ते कलम १ जुलै २०२४ ला बाकी न्याय संहिता, म्हणजे नवा फौजदारी कायदा लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. पण निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत गेलीय, ती लागू आहे. जखमीला मदत आणि पोलिसांना खबर देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघून थेट जवळच्या ठाण्यात हजर व्हा आणि ११२ ला फोन लावा. चूक कुणाचीही असो, रस्त्यावर लोक मोठ्या गाडीचीच धरतात.

पीएफ काढून गाडी घेण्याबद्दल माझं मत एका शब्दात: नको. २०११ मध्ये मी जुनी गाडी कर्जावर घेतली होती. चालवायला येत होतं, मार्ग माहीत होते, व्यापारी ओळखीचे होते. तरी दोन वर्षांत विकली. एक टायर आज वीस हजारांच्या पुढे आणि गाडीला दहा. इंजिन एकदा उघडलं की तीन महिन्यांची कमाई गॅरेजमध्ये. हप्ता मात्र परतीचं भाडं मिळालं का असं विचारत नाही. हप्ता डोक्यावर असला की माणूस दोन ते पाच गाडी उभी करत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत बघितलंय. निदान तीन वर्षं दुसऱ्याची चालवा, मग हा विषय काढा.

तर जावं का? तुमच्या जागी मी आज राजीनामा दिला नसता. पण विषय बंदही केला नसता. मधला एक रस्ता आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालासकट ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो तुम्ही आहे त्या लायसन्सवर चालवू शकता. तुमच्याच कारखान्याचा माल हैदराबादला, पुण्याला कुणाच्यातरी टेम्पोनं जातच असेल. सुट्टीच्या दिवसांत बदली म्हणून जा, रात्री चालवून बघा, माल उतरवून घ्या, हमालाशी घासाघीस करा. सुपरवायझर म्हणून डिस्पॅचची बाजू तुम्हाला आधीच माहीत आहे. पुढं कधी ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्या लावायचं, म्हणजे कुठल्या मालाला कुठली गाडी ते ठरवायचं काम मिळालं तर ही दोन्हीकडची माहिती कामाला येईल. ड्रायव्हिंगइतकंच त्या कामालाही माणूस मिळत नाही.

आणि त्याआधी पंधरा दिवसांची रजा टाका, मित्राच्या गाडीत त्याच्या शेजारी बसून तीन ट्रिपा करा. त्याच्या मालकाला विचारून, चोरून नाही. स्टिअरिंगला हात लावू नका. तिसऱ्या ट्रिपला, परतीच्या भाड्याची वाट बघत दुसरा दिवस गेला असेल, तेव्हा तुमचा मूड कसा आहे ते बघा. घरी फोन करून बायकोशी कसं बोलताय ते ऐका. मित्रालाही विचारा, कसे बोलताय म्हणून.

जाताना पाण्याचा वीस लिटरचा कॅन, स्वतःचं ताट-वाटी आणि एक चादर न्या. चित्रदुर्गच्या पुढे पहाटे गारठा असतो, आणि केबिनमधली चादर कधी धुतली होती हे विचारायची सोय नसते.